हळद, शेंदूर आणि हिंडालियमचं पातेलं

न्यू जर्सीहून भाचीचा फोन आला तेव्हा इथे रात्रीचे साडेअकरा वाजले होते. तिच्या लेकीला नुकतंच वर्ष पूर्ण झालं होतं. त्या राज्यात मूल वर्षाचं झालं की एकदा आणि दोन वर्षांचं झालं की पुन्हा, असं त्याच्या रक्तातलं शिसं तपासावंच लागतं. तसा कायदाच आहे. "मावशी, सहा आलंय," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, घाबरू नका; पण घरी माणूस येऊन सगळं तपासणार आहे. त्यांनी एक यादी दिलीय, त्यातलं काय काय घरात आहे ते काढून ठेवायला सांगितलंय."

यादी तिने वाचून दाखवली. हळद, मसाले, सिंदूर आणि कुंकू, काजळ-सुरमा, आयुर्वेदिक औषधं, परदेशातून आणलेली धातूची भांडी. ती वाचत होती आणि मी मनातल्या मनात मोजत होते. यातल्या निम्म्याहून जास्त वस्तू मी पाठवलेल्या. हळद दर वर्षी सांगलीहून माझ्याच हातची जाते. पातेलं तर माझ्या आईचं. भाचीच्या लग्नात मी तिला हौसेने दिलेलं.

त्या रात्रीपासून मी जे वाचत गेले, विचारत गेले, ते इथे मांडते आहे. हा प्रश्न न्यू जर्सीतल्या एका घराचा नाही. ती यादी आपल्या स्वयंपाकघराची आणि देवघराची आहे.

आधी त्या "सहा"चा अर्थ. एक डेसिलिटर, म्हणजे साधारण अर्धा कप रक्तात सहा मायक्रोग्रॅम शिसं. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. इतक्याशा शिशाने मूल आजारी दिसत नाही. ते खेळतं, हसतं, खातं. म्हणूनच डोळ्यांनी पाहून काही कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं की हा आकडा पाच किंवा त्याहून वर असेल तर शिसं येतंय कुठून ते शोधा आणि थांबवा. अमेरिकेने त्याच वर्षी आपली इशाऱ्याची रेघ साडेतीनवर आणली. यापेक्षा कमी असलं म्हणजे निर्धास्त, असंही नाही. मुलांसाठी शिशाचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण सापडलेलं नाही.

याचं कारण शिशाच्या स्वभावात आहे. शरीराला ते कॅल्शियमसारखं वाटतं. आतडं त्याला कॅल्शियम समजून आत घेतं, हाडं त्याला कॅल्शियम समजून साठवतात, मेंदूतल्या पेशींमध्ये जिथे कॅल्शियमने निरोप द्यायचा तिथे हे घुसतं. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण दहावा भाग अंगात राहतो. लहान मुलाच्या बाबतीत तो अर्ध्याच्या आसपास जातो. मूल ॲनिमिक असेल, त्याला लोह आणि कॅल्शियम कमी पडत असेल, तर आणखी जास्त. एकदा हाडांत गेलेलं शिसं वर्षानुवर्षं, दशकंच्या दशकं तिथे राहतं, आणि मुलगी मोठी होऊन गरोदर राहिली की हाडांतल्या कॅल्शियमबरोबर पुन्हा रक्तात उतरतं. रक्तातून शिसं काढायचं औषध आहे, पण ते पंचेचाळीसच्या वरच्या आकड्यांसाठी. सहा, दहा, पंधरा अशा आकड्यांवर एकच उपचार आहे: घरातली ती वस्तू शोधून बाहेर काढणं. म्हणून घरातल्या वस्तू तपासण्याला इतकं महत्त्व.

आपल्याकडे ही परिस्थिती कशी आहे? १९९८-९९ च्या दुसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुंबई आणि दिल्लीतल्या तीन वर्षांपर्यंतच्या मुलांचं रक्त शिशासाठी तपासलं होतं. १,०८१ मुलांच्या त्या नमुन्यात ७६ टक्के मुलांचा आकडा ५ ते २० च्या दरम्यान निघाला. तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं होतं, ते २००० साली देशभर बंद झालं, आणि आपण समजलो की विषय संपला. २०२० मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी जगाचा हिशेब मांडला. पाचच्या वर आकडा असलेली जगात ८० कोटींपर्यंत मुलं, आणि त्यातली साधारण साडेसत्तावीस कोटी एकट्या भारतात, असा तो अंदाज. पेट्रोलमधलं शिसं गेलं तरी आकडे पुरेसे खाली आले नाहीत, याचा अर्थ बाकीच्या वाटा उघड्याच आहेत. आणि त्या बऱ्याचशा घरात आहेत.

भाचीच्या घरी जो माणूस आला त्याच्या हातात दुकानातल्या बारकोड स्कॅनरसारखं दिसणारं एक यंत्र होतं. वस्तूवर टेकवायचं, घोडा दाबायचा, अर्धा-एक मिनिट धरायचं, आणि पडद्यावर धातूंची नावं आणि आकडे उमटतात. मराठीत त्याला सरळ क्ष-किरणांची बंदूक म्हणू. यंत्र वस्तूवर क्ष-किरण सोडतं. ते किरण अणूच्या अगदी आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडवतात. ती जागा भरायला बाहेरच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन आत पडतो, आणि पडताना स्वतःचा एक क्ष-किरण सोडतो. त्या किरणाची ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्याची ठरलेली. हेन्री मोझ्ली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९१३ मध्ये हा नियम दाखवला. दोन वर्षांनी, वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी, तो गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला. आज जगभर खेळणी, रंग, मसाले तपासले जातात ते त्याने घालून दिलेल्या वाटेने.

यंत्र हुशार आहे, पण त्याला वापरणारा तितकाच हुशार लागतो. एक उदाहरण देते. शिशाची एक ठळक रेषा १०.५५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टवर येते आणि आर्सेनिकची १०.५४ वर. यंत्राला या दोन्ही जवळजवळ एकच दिसतात. म्हणून जाणकार माणूस शिशाची दुसरी रेषा, १२.६१ ची, पाहिल्याशिवाय शिसं आहे असं म्हणत नाही. पातळ रंगाच्या थरावर यंत्र टेकवलं तर खालच्या लाकडाची किंवा लोखंडाचीही मोजणी त्यात मिसळते. नुसता आकडा म्हणजे निकाल नाही. आकडा कशावर घेतला, कसा घेतला, हे विचारलंच पाहिजे.

त्याने आधी भिंती पाहिल्या, कारण तिथल्या १९७८ पूर्वीच्या घरांमध्ये शिशाचा रंग सापडतो. भिंती स्वच्छ होत्या. मग तो स्वयंपाकघरात गेला आणि हळदीचा डबा उघडला.

हळदीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सांगलीत राहणारीला हळद म्हणजे नुसता मसाला नाही. जमिनीतून काढलेली हळद शिजवतात, उन्हात वाळवतात. वाळलेलं हळकुंड मातकट आणि खरबरीत असतं. ते पिंपात घालून फिरवतात, साल घासली जाते, त्यात थोडं हळदीचंच पाणी शिंपडतात, आणि पॉलिश झालेला पिवळाजर्द माल सौद्याला जातो. भाव रंगावर ठरतो. भाव रंगावर ठरतो म्हणूनच रंगाचा मोह होतो. लेड क्रोमेट हे शिसं आणि क्रोमियमचं पिवळं संयुग आहे, रंगकामात पिढ्यान्‌पिढ्या वापरलेलं. ते स्वस्त आहे, हळकुंडावर चिकटतं आणि हळदीपेक्षा जास्त "हळदी" दिसतं.

बांगलादेशात हे कसं उघडकीला आलं ती हकीगत प्रत्येक ग्राहकाने वाचावी अशी आहे. तिथल्या खेड्यांतल्या गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडत होतं. जवळ बॅटरीचा कारखाना नाही, गाड्यांची वर्दळ नाही. मग येतं कुठून? ढाक्याची आयसीडीडीआर,बी ही संस्था आणि अमेरिकेतलं स्टॅनफर्ड विद्यापीठ यांच्या संशोधकांनी शिशाच्या समस्थानिकांचं गुणोत्तर तपासलं. शिशाचे चार स्थिर प्रकार असतात आणि प्रत्येक खाणीच्या शिशात त्यांचं प्रमाण वेगळं असतं, बोटांच्या ठशासारखंच. रक्तातला ठसा हळदीतल्या ठशाशी जुळला. मग ते गिरण्यांपर्यंत, व्यापाऱ्यांपर्यंत गेले. कळलं ते असं: १९८० च्या दशकातल्या मोठ्या पुरात हळद भिजून काळवंडली, ती खपावी म्हणून कुणीतरी पिवळी पूड चोळली, आणि पूर ओसरला तरी पूड राहिली. तिथे तिला "पेउरी" म्हणतात. पॉलिश करणाऱ्या कित्येकांना ते विष आहे हेच माहीत नव्हतं.

२०१९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि पुढे जे घडलं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. बांगलादेशच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या, बाजारांत पत्रकं लावली, आणि तीच क्ष-किरणांची बंदूक घेऊन ढाक्याच्या घाऊक बाजारात धाड घातली. व्यापाऱ्यांच्या समोर, त्यांच्या पोत्यांवर यंत्र टेकवलं; दोघांना जागेवर दंड झाला, माल जप्त झाला. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडत होतं. २०२१ मध्ये ते शून्यावर आलं. हळद गिरण्यांमधल्या कामगारांच्या रक्तातलं शिसंही जवळजवळ ३० टक्क्यांनी उतरलं. कुणा गृहिणीला घरी हळद तपासावी लागली नाही.

आपल्याकडे? भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंकेतल्या २३ शहरांतून हळद घेऊन केलेला एक अभ्यास २०२४ मध्ये आला. सुमारे १४ टक्के नमुन्यांत शिसं दर ग्रॅमला दोन मायक्रोग्रॅमच्या वर निघालं, आणि पाटणा, कराची, पेशावर इथल्या काही नमुन्यांत तर हजाराच्या वर. आता हिशेब करू. लहान मुलाच्या वरणभातातून, खिचडीतून दिवसाला पाव ग्रॅम हळद गेली असं धरा. हजाराची हळद असेल तर पाव ग्रॅममधून अडीचशे मायक्रोग्रॅम शिसं गेलं. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन मुलांसाठी अन्नातून दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम ही संदर्भरेषा धरतं. म्हणजे शंभरपट. आणि आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची हळदीसाठी कायदेशीर मर्यादा दर ग्रॅमला दहा मायक्रोग्रॅम. पाव ग्रॅमला अडीच. कायद्यात बसणारी हळदसुद्धा एकटीच ती रेषा ओलांडू शकते. माझं स्पष्ट मत आहे की ही मर्यादा फार सैल आहे आणि ती खाली आणली पाहिजे. मर्यादा खाली आली तरी चांगल्या हळदीला भीती नाही. स्वच्छ जमिनीतल्या, न रंगवलेल्या हळदीत शिसं जवळजवळ नसतंच.

घरी काय करता येतं? अखंड हळकुंड काचेच्या ग्लासातल्या पाण्यात टाका. रंग चोळलेलं असेल तर पाण्यात लगेच पिवळा रंग उतरतो. चांगलं हळकुंड लगेच रंग सोडत नाही. ही अन्नसुरक्षा प्राधिकरणानेच सांगितलेली साधी परीक्षा आहे. पण तिच्यावर पूर्ण विसंबू नका. ती ठळक भेसळ पकडते, थोडी सोडून देते. ॲसिड टाकून गुलाबी रंग येतो का पाहण्याची जी परीक्षा फिरत असते, ती मेटॅनिल यलो या वेगळ्या रंगाची. तिने शिसं कळत नाही. क्ष-किरणांच्या यंत्रापासून मात्र लेड क्रोमेट लपत नाही. शिसं आणि क्रोमियम दोन्ही एकदम दिसतात, आणि वजनाने साधारण चारास एक या प्रमाणात दिसले की समजायचं, हे जमिनीतून आलेलं नाही, कुणीतरी घातलेलं आहे.

भाचीच्या डब्यातल्या हळदीत काही निघालं नाही. मी सुटकेचा श्वास सोडला, पण यादी संपली नव्हती.

देवघरात करंड्यात कुंकू होतं आणि छोट्या डबीत शेंदूर. कुंकवाचा जुना प्रकार हळदीपासून होतो. हळदीला चुन्यासारख्या क्षाराची जोड मिळाली की ती लाल होते. शेंदूर हे वेगळंच प्रकरण. मारुतीला, गणपतीला, गावच्या वेशीवरच्या देवाला जो शेंदूर चढतो तो मूळचा शिशाचा ऑक्साईड, वजनाच्या ९० टक्के शिसं. गवयाला शेंदूर खाऊ घातला की त्याचा आवाज जातो, असं आपल्याकडे जुनी माणसं सांगत आली. म्हणजे शेंदूर पोटात जाण्याचा पदार्थ नाही हे आपल्याला ठाऊक होतं. न्यू जर्सीतल्याच रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये तिथल्या दुकानांतून आणि भारतातून घेतलेल्या सिंदुराच्या ११८ नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेत घेतलेल्यांपैकी १९ टक्के आणि भारतात घेतलेल्यांपैकी ४३ टक्के नमुन्यांत शिसं अमेरिकेतल्या सौंदर्यप्रसाधनांच्या मर्यादेच्या वर होतं. तीन नमुन्यांत तर शेकडा एकाहून अधिक. श्रद्धेला धक्का न लावता एवढं करता येतं: शेंदूर देवाच्या जागीच राहू द्यावा, हात धुवावेत, रांगत्या मुलाच्या कपाळाला आणि हाताला तो लावू नये. काजळाचंही तसंच. घरी तुपाच्या किंवा एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं काजळ म्हणजे काजळी. त्यात शिसं नाही. सुरमा मात्र पुष्कळदा गॅलिना या शिशाच्याच खनिजाची पूड असतो.

गोरं करणाऱ्या क्रीमबद्दल दोन वाक्यं, कारण तिथे शिसं नसून पारा आहे. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांना मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे रुग्ण अचानक वाढलेले दिसले, आणि धागा निघाला तो नाव-पत्ता नसलेल्या अशा क्रीमपर्यंत. अशी डबी घरात असेल तर ती तपासायची वाटही पाहू नका, वापर आजच थांबवा.

मग तो माणूस पातेल्याकडे वळला. त्यात शिसं निघालं.

हिंडालियम हा शब्द आपल्या घरांत इतका रुळला आहे की तो कधीकाळी एका मिश्रधातूचं व्यापारी नाव होता हेही आपण विसरलो. ॲल्युमिनियमचं, जाड, मजबूत, उजळ भांडं. शुद्ध ॲल्युमिनियममध्ये शिसं नसतं. पण छोट्या भट्ट्यांमध्ये भांडी ओततात ती भंगारापासून: इंजिनाचे तुकडे, रेडिएटर, जुने डबे, तारा, सगळं एकत्र वितळतं. त्यातलं शिसं भांड्यात राहतं. भारतासह दहा देशांतून घेतलेल्या ४२ ॲल्युमिनियमच्या भांड्यांमध्ये पातळ व्हिनेगर उकळून पाहण्याचा एक प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एक तृतीयांशाहून जास्त भांड्यांतून शिसं उतरलं. वॉशिंग्टन राज्यात अफगाण निर्वासित मुलांच्या रक्तात शिसं का येतंय याचा शोधही अशाच ओतीव ॲल्युमिनियमच्या भांड्यांपाशी येऊन थांबला होता. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने शिसं उतरणाऱ्या आयात भांड्यांबद्दल इशारा दिला त्यात हिंडालियमचं नाव घेतलेलं होतं. सगळं हिंडालियम वाईट, असा त्याचा अर्थ काढू नये. कुठलं चांगलं आणि कुठलं वाईट ते पाहून सांगता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ, आणि तो पुरेसा गंभीर आहे.

इथे तपासणीतला सगळ्यात कळीचा मुद्दा येतो. वस्तूत शिसं आहे का, हा एक प्रश्न. त्या वस्तूतून शिसं अन्नात, तोंडात, हातावर येतं का, हा दुसरा. बंदूक पहिल्याचं उत्तर देते. पितळेत कातकामाला सोपं जावं म्हणून तीन टक्क्यांपर्यंत शिसं घालतात. म्हणून पितळी समईवर यंत्र मोठा आकडा दाखवील. पण समईत आपण आमटी करत नाही. उलट एखाद्या भांड्यात शिशाचा आकडा लहान असेल, पण त्यात रोज चिंचेचं सार उकळत असेल, तर तो लहान आकडा रोज पोटात जातो. म्हणून भांड्यांची खरी परीक्षा उतरण्याची. चिनी मातीच्या भांड्यांसाठी ती अशी करतात: भांड्यात चार टक्के ॲसेटिक आम्ल, म्हणजे साधारण व्हिनेगरच, भरून चोवीस तास ठेवायचं आणि मग त्या आम्लात किती शिसं, किती कॅडमियम आलं ते प्रयोगशाळेत मोजायचं. भडक लाल-केशरी-पिवळ्या चकाकीच्या थरात कॅडमियमवर विशेष लक्ष ठेवतात. स्वयंपाकाच्या भांड्यासाठी तेच आम्ल उकळून पाहतात, कारण आपण भांडं चुलीवर ठेवतो.

आपल्या आज्यांना याची अर्धी जाण होती. कल्हई गेलेल्या पितळेच्या पातेल्यात ताक किंवा आमटी ठेवली की ती "कळकते", हे प्रत्येकीला माहीत होतं. हिरवट झाक, तोंड वाकडं करणारी चव. पण तो तांब्याचा गुण. तांबं जिभेला लगेच कळतं. शिसं कळत नाही. शिशाचे काही क्षार तर चवीला गोड असतात, आणि जुन्या काळी युरोपात दारू गोड करायला ते वापरलेही गेले. म्हणून आजीचा कळकण्याचा नियम तांब्यासाठी पुरतो, शिशासाठी नाही.

आणि कल्हईसुद्धा शुद्ध हवी. लहानपणी आमच्या अंगणात कल्हईवाला यायचा. खड्डा खणून भाता लावायचा, पातेलं लाल होईस्तोवर तापवायचा, नवसागराची चिमूट टाकली की पांढरा धूर उठायचा, आणि मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने एकाच फिरकीत सगळं भांडं चांदीसारखं उजळायचं. ती कांडी निखळ कथलाची हवी. कथील महाग आहे, शिसं स्वस्त. शिवाय दोन्ही मिसळली की ती कथलापेक्षाही कमी उष्णतेत वितळतात, काम सोपं होतं. कथील २३२ अंशांना वितळतं, दोन्हींचं मिश्रण १८३ अंशांपर्यंत खाली येतं. म्हणून कल्हई करून घेताना कांडी मागून हातात घ्या. शुद्ध कथलाची कांडी वाकवली की बारीक करकर असा आवाज येतो. शिसं मुकाट्याने वाकतं. कांडी पांढऱ्या कागदावर ओढा. शिसं राखाडी रेघ उमटवतं. शिसपेन्सिलीचं नाव मात्र फसवं: एकेकाळी ग्राफाईटला शिशाचाच प्रकार समजत म्हणून ते पडलं, पण आतल्या ग्राफाईटच्या कांडीत शिसं मुळीच नसतं. ही परीक्षा ढोबळ आहे, पण विचारणारं गिऱ्हाईक आहे एवढं कल्हईवाल्याला कळलं तरी फरक पडतो.

आता बाजारात मिळणाऱ्या घरगुती तपासणी संचांबद्दल. कापसाची काडी वस्तूवर घासायची. रोडिझोनेट नावाचं रसायन शिशाला भेटलं की गुलाबी-लाल होतं. दुसऱ्या प्रकारात सल्फाईडमुळे काळा डाग पडतो. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २००७ मध्ये असे संच तपासून पाहिले. १०४ निकालांपैकी ५६ वेळा शिसं असूनही संचाने "नाही" म्हटलं. नसताना "आहे" म्हटलं फक्त दोनदा. वरती शिसं नसलेल्या रंगाचा थर असेल तर खालचं शिसं त्यांना सापडतच नाही. म्हणजे काडी लाल झाली तर वस्तू दूर करा. नाही झाली तर त्याने काहीच सिद्ध होत नाही. २०२३ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या अ‍ॅमोल्फ संस्थेतल्या संशोधकांनी याहून बरी पद्धत मांडली: वस्तूवर एक द्राव फवारायचा, अतिनील दिवा धरायचा, आणि शिसं असेल तिथे हिरवा उजेड चमकतो. ही आपल्याकडे स्वस्तात घरोघर आली तर मोठं काम होईल.

जुन्या दारं-खिडक्यांच्या रंगाचा विषय मी थोडक्यात आवरते. भारतात घरगुती रंगातलं शिसं दहा लाख भागांत ९० भागांच्या खाली असलंच पाहिजे असा नियम २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधी रंगवलेल्या वाड्याचा, पाळण्याचा, लोखंडी गजांचा रंग संशयित. असा रंग कोरडा खरवडू नका, घासकागद मारू नका; धूळ झाली की ती मुलाच्या हातावर आणि हातावरून तोंडात. ओलं करूनच काढा, फरशी ओल्या फडक्याने पुसा. खेळणी घेताना आयएसआय चिन्ह पाहा. १ जानेवारी २०२१ पासून ते सक्तीचं आहे.

प्रयोगशाळा निवडतानाही डोळे उघडे हवेत. २०१५ मध्ये मॅगीत शिसं सापडल्याचा गाजावाजा झाला, देशभर बंदी आली. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये ती रद्द केली. ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर बंदी उभी होती त्यांना रीतसर मान्यता नव्हती, आणि कंपनीची बाजूही नीट ऐकली गेली नव्हती. न्यायालयाने मान्यताप्राप्त तीन प्रयोगशाळांत पुन्हा तपासणी करवली. शिसं मर्यादेत निघालं. त्या प्रकरणातून मी एवढंच घेतलं: अहवाल मागताना आधी त्या प्रयोगशाळेला एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे का, आणि ती नेमक्या धातूंच्या याच तपासणीसाठी आहे का, हे विचारायचं.

आणि हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. अन्नसुरक्षा कायदा २००६ च्या कलम ४० प्रमाणे कुठलाही ग्राहक विकत घेतलेला खाद्यपदार्थ ठरलेली फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. मात्र तपासून घेणार आहे हे पदार्थ विकत घेतानाच विक्रेत्याला सांगावं लागतं. पण एकेका पुडीची तपासणी म्हणजे समुद्र वाटीने उपसणं. बांगलादेशाने जे दोन वर्षांत केलं ते सांगली, बसमत, हिंगोलीच्या बाजारांत आणि भांडी ओतणाऱ्या भट्ट्यांवर करता येणार नाही असं नाही. तेच यंत्र, तीच पोती. ग्राहक संघटनांनी, बाजार समित्यांनी, आमदार-खासदारांनी हे मागितलं पाहिजे.

त्याआधी, तुमच्या घरात वर्षा-दोन वर्षांचं मूल असेल, जुन्या रंगाचं घर असेल, जवळ बॅटरी किंवा भंगाराचं काम चालत असेल, किंवा घरात कुणी गरोदर असेल, तर पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारा की रक्तातलं शिसं तपासता येईल का. आपल्याकडच्या लसीकरणाच्या कार्डावर त्याला रकाना नाही. विचारल्याशिवाय कुणी सांगणार नाही.

भाचीने पातेलं बदलून स्टीलचं घेतलं. चार महिन्यांनी तिच्या लेकीचा आकडा तीनवर आला.

त्या पातेल्याचं जोडीचं पातेलं माझ्याकडे होतं. मी ते पुण्यातल्या एका मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत उकळून तपासून घेतलं, शिसं उतरलं. तीस वर्षं मी त्यात आमटी केली. घरी आणल्यावर पहिला विचार आला, कामाच्या बाईंना देऊन टाकावं. दुसरा आला, मोडीत घालावं. पहिला विचार किती वाईट होता ते सांगायला नकोच. दुसराही तितकाच चुकीचा: मोडीतलं भांडं पुन्हा त्याच भट्टीत जातं आणि नवं पातेलं होऊन कुणाच्या तरी चुलीवर चढतं. आता त्यात खिळे आणि स्क्रू ठेवलेत आणि तळाला छिद्र पाडलंय, म्हणजे माझ्यामागेही कुणी त्यात काही शिजवणार नाही. तुमच्याकडे असं भांडं निघालं तर तेही कुणाला देऊ नका, विकू नका, छिद्र पाडा.